अंगठा वापरात आहे का?

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … अगं चिमे, तू होय. नंबर वाचायला चष्मा पाहिजे, तो कपाळावर राहिलाय आणि हात ग्रीसने माखलेत. बोल, पण मोठ्याने बोल. फोन खांद्यात दाबून धरलाय…

बाळ कसंय? … नाही, आधी बाळ. बाकीचं मागाहून. … अठ्ठावीस दिवसांची झाली? आणि अजून नाव ठरत नाही तुमचं? … असू दे, असू दे.

आणि भाची बरी आहे ना? … काय म्हणते? … आता कायमची इथेच राहा म्हणते? तुला? … मग तू काय म्हणालीस? … 'बघू' म्हणालीस. … नाही गं, मी काय म्हणणार. तुझी लेक, तुझी नात. बघू तर बघू.

काय? … ग्रुप? … दिसत नाही म्हणजे? … अगं नीट बघ, चष्मा लाव. … लावलाय. बरं. मग नेट गेलं असेल. … नेट आहे. … जावयाच्या फोनवरून बघितलंस? तिथे तरी कसा दिसणार, जावई आपल्या ग्रुपात कधी होता?

अगं ऐक ना. ऐक. ग्रुप कुठे गेला नाही, जाग्यावर आहे. तुला का दिसत नाही ते सांगतो, पण क्रमाने सांगतो. मध्ये तोडू नकोस. आणि आधी बस कुठेतरी. … बसलीस? बाळ मांडीवर नाही ना? … मग ठीक.

एक मिनिट थांब. … ओ हेडमास्तर, रिम आडवा नाही, उभा धरा. उभा. हां, असा. आणि हलू नका. … हां, बोल चिमे. … कोण हेडमास्तर? येतील, क्रमाने येतील.

तर. तू गेलीस त्या दिवशी ग्रुपात माणसं किती होती? … अकराशे चाळीस. बरोबर. … आता एकसष्ट आहेत.

हॅलो? … चिमे? … अगं आहेस का?

… ओरडू नकोस, बाळ उठेल.

… कुणी हॅक-बिक केलेलं नाही. मी केलं. … मी म्हणजे मी. काढून टाकले. एकेक करून, एका बोटाने. एक हजार एकोणऐंशी माणसं. तीन दिवस लागले. बोटाला घट्टा पडलाय, बघायला ये म्हटलं तर म्हणशील बघू.

हो… हो… हो, मला माहितीये तुला दोन वर्षं लागली जमवायला. … हो, प्रत्येकाला तू हात जोडलेलं चित्र पाठवलंस, माहितीये. … आणि आज काय आहे हे मला तू सांगतेस? शेडमध्ये उभा कोण आहे, तू का मी? दहा वाजता शेडचे मालक, ते धाकटे लाकूडवाले, येणार. माणसं मोजणार. तू, मी आणि शिंपीणबाई सोडून चाळीस माणसं हाताने काम करताना दिसली, तर शेड आणखी पाच वर्षं आपली. एकोणचाळीस दिसली, तर महिनाअखेरीला व्हीलचेअरी, कुबड्या, वॉकर, सगळं उचलून रस्त्यावर. पाठ आहे मला. झोपेत विचार.

त्याचं ते बोलणंही पाठ आहे. 'तुमच्या ग्रुपात अकराशे चाळीस लोक, आणि दोन वर्षांत मी शेडमध्ये बघितलं कोण, तर तुमचा भाऊ आणि एक मांजर.' … तुला लागलं होतं ते. मला नाही लागलं. मांजराला लागलं असेल, कारण ते खरंच काही करत नाही.

… आत्ता? आत्ता साडेनऊ झालेत आणि एकतीस आहेत. … हो, एकतीस. … अगं रडतेस काय? एकतीस म्हणजे काय थोडे? चाचणीच्या बुधवारी भोपळा होता.

सांगतो की. तेच तर सांगतोय.

तू जाताना मला तुझा जुना फोन दिलास, ग्रुपची चावी दिलीस, ते ॲडमिनपण. तू स्वतःच म्हणालीस, दादा, एका कुलपाला एकच चावी, मी तिकडून लुडबुड करणार नाही. आणि कागदावर लिहून दिलंस. रोज एक फोटो. फोटोत हसायचं. कुणी काही लिहिलं की उलट फूल पाठवायचं. बरोबर? … मग मी केलं की नाही? पहिल्या दिवशी त्या म्हाताऱ्या वॉचमनच्या कुबडीचा फोटो टाकला, नवीन रबरी बूट बसवलेला. मी शेजारी हसत उभा. शिंपीणबाई म्हणाली, कुबडी तुमच्यापेक्षा बरी हसतेय. पण टाकला. संध्याकाळपर्यंत तीनशे बारा अंगठे. चाळीस बदाम. 'अप्रतिम.' 'खूप छान उपक्रम.' 'आम्ही सदैव सोबत आहोत.' मला खरं वाटलं, चिमे. मी आपला एकेकाला फूल देत बसलो. इतकी फुलं मी तुझ्या वहिनीला जन्मात दिली नाहीत. ती असती तर फोन विहिरीत टाकला असता.

मग मी लिहिलं, बुधवारी सकाळी चाचणी आहे, रविवारची तयारी, कोण कोण येतं? दोनशे सहा अंगठे. आणि खाली ओळीने, 'आलोच समजा.' 'मी पण आलोच समजा.' 'आलोच समजा, दादा.'

… हो ना. मी समजलो.

पंचवीस पाने मागून आणले, त्या सायकलवाल्याकडून. चहाचं मोठं पातेलं चढवलं. बाकं पुसली. शिंपीणबाई नवी साडी नेसून आली. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. मी, शिंपीणबाई आणि मांजर. बारा वाजता त्या चहाकडे बघवेना. आणि फोन आपला टिंग टिंग वाजतोय. का? तर पातेल्याचा फोटो टाकला होता ना सकाळी, त्याला अंगठे येतायत. 'वा, चहा.'

तेव्हा माझं टाळकं सरकलं. समजा, समजा काय? चाक समजून फिरतं का? ब्रेक समजून लागतो का? … हसतेस ना? हस. मी नाही हसलो तेव्हा. सगळे अंगठे बाटलीत भरून त्या लाकूडवाल्याला दाखवू का, ह्या विचारात बसलो होतो.

अरे, थांब… … ओ ताई, तो छर्ऱ्यांचा डबा आहे, सांडू नका, एक छर्रा पळाला तर अख्खं चाक बसतं. … हां. … बँकेत आहे ती. तीही येईल क्रमाने.

तर बसलो असा. आणि समोर आपली वही. देण्याघेण्याची. पहिल्या पानावर तुझं अक्षर. काय लिहिलंयस तू? … तूच सांग. … पुढे? … हां. 'वस्तू वापरात नसेल तर परत द्यावी. बाहेर कुणीतरी थांबलेलं आहे.' तुझाच नियम. म्हणून मी दर सहा महिन्यांनी सायकल काढून दारोदार फिरतो की नाही? कुबडी नंबर बारा, वापरात आहे का? आहे, ठेवा. व्हीलचेअर नंबर चाळीस, वापरात आहे का? नाही, आजोबा बरे झाले, आता तिच्यावर कपडे वाळत घालतो. मग द्या परत. लोक रागावतात, चहा पाजतात, पण देतात.

मला वाटलं, हेच करायचं. अंगठा दिलाय ना ग्रुपात? मग विचारू, वापरात आहे का.

… अगं अंगठा ही वस्तू नाही हे मलाही कळतं. … हो, पडून राहिला तर कुणाचं काही अडत नाही, असं तुला वाटतं. अडतं, चिमे. तुझंच अडलं. अकराशे चाळीस बघून तू निर्धास्त झालीस. दारावर माणूस बोलवायला जायची बंद झालीस. पूर्वी तू स्वतः त्या दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन दोन तास बसली होतीस, आठवतं? मागची दोन वर्षं तू कुणाकडे गेलीस? फुलं पाठवत बसलीस. … रागावू नकोस. मीही पाठवली. आठवडाभर पाठवली, तर मलाही वाटायला लागलं की काहीतरी मोठं काम चाललंय.

… मजकूर ना? थांब, आठवतो. शिंपीणबाईने लिहिला, तिचं बोट चपळ आहे. मी सांगितलं, तिने टिपलं. असा होता: 'नमस्कार. तुम्ही ह्या ग्रुपात अंगठा दिला आहे. तो वापरात आहे का? असल्यास तुम्हाला काय येतं ते लिहा. पाना धरता येतो का, सुई धरता येते का, की नुसतं धरून उभं राहता येतं. तिन्ही चालेल. पुढच्या रविवारी सकाळी नऊ. आठ दिवसांत उत्तर न आल्यास अंगठा परत घेतला जाईल. बाहेर कुणीतरी थांबलेलं आहे.'

… फूल? नाही, फूल नाही घातलं.

अकराशे चाळिसांना. एकेकाला. नावासकट. नावाशिवाय पाठवलं तर ते पोस्टर होतं, म्हणाली शिंपीणबाई, आणि पोस्टरला कुणी उत्तर देत नाही.

पहिले दोन दिवस नुसती शांतता. मग आलं एकेक. दातांचा डॉक्टर, तुझाच तो, लिहितो, 'मला फक्त बारीक स्क्रू जमतात.' अरे बाबा, आमच्या वॉकरला सगळे बारीकच स्क्रू आहेत. ती बँकेतली बाई, 'मला काहीही येत नाही, पण दोन तास न बोलता उभी राहू शकते.' तिला मी म्हटलं, तुमच्यासारखं माणूस शोधूनही सापडत नाही. एक बसवाला, 'रविवारी मोकळा असतो, पण तोंड खराब आहे, चालेल का?' चालेल म्हटलं, गंजलेल्या नटाला शिव्याच लागतात. आणि एक तो, तुला माहीत नाही तो, पलंगावरचा. चार वर्षं झोपून आहे. आपलीच गादी आहे त्याच्याखाली, नंबर नऊ. त्याने लिहिलं, 'मला येता येणार नाही. पण मी फोन करू शकतो. मला यादी द्या.' दिली यादी. आज सकाळी सात वाजल्यापासून त्याने बाकीच्या सगळ्यांना उठवलंय. एकजण सांगत आला, दार उघडेपर्यंत फोन ठेवला नाही हो त्याने, पायात चप्पल घातल्याचा आवाज ऐकला तेव्हा ठेवला.

… हो ना. मलाही असंच झालं होतं.

आता बाकीचे. नवव्या दिवशी मी काढायला बसलो. शिंपीणबाई म्हणाली, आणखी दोन दिवस द्या. मी म्हटलं, कुबडीला देतो का दोन दिवस? काढले. आणि काय झालं माहितीये? दोन वर्षं जे हूं की चूं बोलले नव्हते, ते काढल्याबरोबर जागे झाले. फोनवर फोन. आम्हाला का काढलं, आम्ही कुणाचं काय वाकडं केलं. तो हेडमास्तर तर आज सकाळी साडेआठला दारात. हातात कागद, त्यावर त्याने आजवर दिलेल्या अंगठ्यांची यादी, तारखेनिशी. म्हणाला, मी एकशे चौदा वेळा अंगठा दिलाय, खुलासा पाहिजे. मी म्हटलं, देतो खुलासा, पण बोलता बोलता हे जरा धरा. आणि रिम दिला हातात. अजून धरून उभा आहे. मघाशी विचारत होता, चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना कुठला स्पोक आधी आवळायचा. खुलासा विसरला.

असे रागावून आलेले नऊ आहेत एकतिसांत. … आता? थांब. … बाई, किती झाले हो? … पस्तीस म्हणते. … हो, पस्तीस. ते तिघं आले, कुबड्यांवाले, आणि बसवाल्याची बायको. ती म्हणते, ह्याचं तोंड आवरायला आलेय.

अगं ऐक ना, आता कळलं ना तुला… काय? … नाही, ते राहिलंच. तुला का दिसत नाही ते.

हे बघ, रागावू नकोस. यादी क्रमाने होती. अकराशे चाळिसांत तूही होतीस. चावी माझ्याकडे देताना तू साधी झालीस ना, सगळ्यांसारखी. तर तुलाही गेला मजकूर, बाळाच्या गडबडीत तू उघडलाच नसशील. आठ दिवस उत्तर नाही. मी शिंपीणबाईला म्हटलं, हिला बाळ झालंय… म्हणजे हिच्या लेकीला… दोन दिवस देऊ. ती म्हणाली, कुबडीला देता का?

… हो. काढलं.

… अगं सख्खी आहेस म्हणूनच. नाहीतर उद्या हेडमास्तर विचारेल, बहिणीला कसं ठेवलं.

… हॅलो? … बोल ना काहीतरी. … शिव्या दे, बसवाला शेजारी आहे, त्याला नवीन शिकायला मिळेल.

थांब. थांब थांब. चिमे, गप. गाडी आली. … त्याचीच. दहाला अजून दहा मिनिटं आहेत आणि हा आला. … किती झाले बाई? … अडतीस. अडतीस आहेत चिमे. दोन कमी आहेत.

ठेवू नकोस, खांद्यातच राहू दे. ऐक नुसतं.

… या, या मालक. … हो, लवकर आलात. … बसा की. … नाही बसत. बरं.

हळू सांगतो तुला. चेहरा असा झालाय जसा काही दाढेखाली खडा आला. म्हणतो… थांब, त्यालाच बोलू दे. … काय म्हणता मालक? … कुणी काढलं? … तुम्हाला?

चिमे. चिमे, हा पण होता. अकराशे चाळिसांत हा स्वतः होता. ज्या अंगठ्यांवरून आपल्याला हिणवत होता त्यातला एक ह्याचाच. दोन वर्षांपूर्वी दिला आणि विसरून गेला. त्यालाही गेला आपला मजकूर, आणि त्यानेही नाही दिलं उत्तर. … मी कुठे नावं बघत होतो? काढायच्या वेळी शिंपीणबाई वाचायची, मी दाबायचो. तिला विचारतो… … बाई, तुम्हाला माहीत होतं? … माहीत होतं म्हणते. म्हणते, वाचताना खोकला आला.

… काय मालक? … खुर्ची? … आणलीत?

गाडीतून खुर्ची काढतोय, चिमे. नंबर सत्तावीस. … तीच. थोरल्यांची. ह्याच्या वडिलांच्या शेवटच्या वर्षी दिली होती ती. म्हातारा गेल्यापासून पडून होती, दोनदा मी फेऱ्याला गेलो, दोनदा फाटकावरून परत आलो. आता म्हणतो, ही घ्या तुमची वस्तू, ग्रुपातून काढलंत, आता आपला संबंध संपला, आता माणसं मोजतो.

… नाही हो मालक, अशी नाही घेता येत. … नियम आहे. वहीत लिहिलंय. परत करणाऱ्याच्या देखत चाक फिरवून बघायचं, मगच सही. … तुम्हाला घाई असेल, चाकाला नाही. … बघा, फिरत नाही. रिम वाकलाय. असा परत घेतला तर उद्या ज्याला देऊ तो पडेल. … हे इथे धरा. नाही, दोन्ही हातांनी. असं.

चिमे, धरलंय. चिडून धरलंय, पण धरलंय.

… काय झालं? त्याचा ड्रायव्हर गाडीतून उतरून पाना घेऊन खाली बसला. मालक विचारतोय, तू काय करतोयस. ड्रायव्हर म्हणतो… अरे देवा. हा त्या एकसष्टातला आहे, चिमे. 'वापरात आहे, पण आमच्या मालकांना सांगू नका,' असं लिहिणारा तो हाच. मी समजत होतो कुणी दुकानातला असेल.

… एकोणचाळीस, म्हणते बाई.

एक. एक पाहिजे. रस्त्यावर कुणी… नाही, कुणी दिसत नाही. पलंगावरचा धरला तर होतात, पण हा म्हणेल दाखवा. … हो, तुझा आवाजही नाही चालणार. हात दिसले पाहिजेत.

थांब. शिंपीणबाई खुर्चीचं रेक्झिन उसवतेय, सीट फाटलंय ना. मागच्या खिशात तिला काहीतरी लागलं. … काय आहे हो? … पेन्सिल. लाल पेन्सिल, चपटी, सुताराची. दात लावलेली. एवढीशी उरलीय, बोटभर.

… हो. थोरल्यांची. कानावर असायची ती. तुला आठवतं का, ह्या शेडच्या भिंतीवर कुठे खिळे मारायचे ते त्यांनीच अशा पेन्सिलीने खुणा करून दिल्या होत्या. अजून आहेत खुणा. दाराशेजारी.

… अगं, घेणार कशी? बाईने पेन्सिल पुढे केली, पण ह्याचे दोन्ही हात रिमवर. सोडावा तर चाक पडतं. मी म्हटलं, सोडा मालक, मी धरतो. मान हलवली. नाही म्हणाला. बाईने पेन्सिल त्याच्या सदऱ्याच्या खिशात घातली. … हो, सगळे तिकडेच बघतायत. बसवाला पण.

मी आउट काढतोय, चिमे, बोलत राहतो, पण तू हळू बोल. … अर्धा फेरा फिरला, टिक टिक घासतोय अजून… आणखी थोडा. … मालक, डावीकडे किंचित… हां… आणखी… हां.

फिरलं. ऐकलंस? तो टिक टिक आवाज नाही येत आता.

… चाळीस.

बाई म्हणाली. मोठ्याने नाही, वहीत लिहिताना म्हणतात तसं. 'चाळीस.' … मालकाने वर बघितलं. म्हणतो, मी मदतीला आलेलो नाही, मी खुर्ची परत करायला आलोय. मी म्हटलं, मालक, मजकूर वाचलात ना? नुसतं धरून उभं राहिलेलंही चालतं. तुम्ही दहा मिनिटं धरून उभे आहात.

… थांब, बघतोय तो. सगळीकडे बघतोय. हेडमास्तराकडे, दातवाल्याकडे. आता स्वतःच्या हातांकडे. ग्रीस लागलंय कोपरापर्यंत. … बोलतोय काहीतरी, ऐकू दे…

… म्हणाला, 'ठेवा शेड.'

हो. … हो अगं, तेवढंच. 'ठेवा शेड. पाच वर्षं म्हणालो होतो ना, पाच.' आणि मग म्हणतो, ही सत्तावीस नंबर आता कुणाला देणार? मी सांगितलं, एक गवंड्याची बायको आहे, पाच महिने यादीत थांबलीय. तर म्हणतो, मी नेऊन देतो, गाडी आहे. आणि पुढच्या रविवारी किती वाजता असतं? … मी म्हटलं, नऊ. उत्तर लिहून कळवा, तोंडी चालत नाही.

… रडतेस का हसतेस? नीट कळू दे. … दोन्ही. बरं.

आता तुझं. … नाही, तुझं राहिलंय. आत यायचंय ना ग्रुपात? मग अर्ज कर. … मला कळतं तू कोण आहेस. तरी लिही. सगळ्यांना एकच नियम. पण 'बघू' लिहिलंस तर मी वाचणार पण नाही, आधीच सांगतो. तिकडे राहायचं तर राहा, चिमे. खरंच सांगतो. नात काय रोज होते? मी काय, आता चाळीस माणसं आहेत माझ्याकडे, आणि मांजर. फक्त काय ते लिही म्हणजे मी तुझ्या खुंटीवर दुसऱ्याचा पाना अडकवायचा की नाही, ते मला कळेल.

… हां, थांबतो. लिही. सावकाश लिही.

… वाजला फोन. मला नाही दिसत, चष्म्याला हात लावला तर ग्रीस लागेल. बाई, वाचा हो जरा माझ्या कानाशी, फोन न हलवता. …

'वापरात आहे. पुढच्या महिन्यात बाळाला आणि तिच्या आईला घेऊन येते. तोवर नुसती धरून उभी राहते.'

…

नाही, काही नाही. वाचलं. बरं लिहिलंयस. फूल नाही घातलंस ते बरं केलंस.

… हो, घालतो आत. शिंपीणबाईच घालेल, तिचं बोट चपळ आहे. … बासष्ट. मालकाला धरलं तर त्रेसष्ट, त्याचं उत्तर आलं की.

चल, ठेव आता. … नाही, ठेवच. हेडमास्तर मघापासून तोच रिम धरून उभे आहेत, आणि त्याला माझे दोन्ही हात लागतात.